दूध तोडण्यापूर्वी : डुकराच्या पिलांचा पूरक आहार

तळोज्याच्या आपल्या निवासी शाळेत पालकभेटीच्या एका रविवारी एक पालक आम्हांस बाजूला घेऊन म्हणाले, "सर, आठ पिल्लं होती. दूध तोडलं आन् आठवड्यात तीन गेली. हगवण लागली." त्यांच्या मुलाने प्रवेश-अर्जात वडिलांचा व्यवसाय 'मजुरी' असा लिहिला होता; घरी डुकरे आहेत हे तो वर्गात कधी बोलला नव्हता. 'फँड्री' चित्रपट ज्यांनी पाहिला आहे, त्यांना या मौनाचे कारण सांगावयास नको. मात्र ज्या जनावराचे नाव घेण्यास मूल लाजते, त्याच्या अभ्यासासाठी गुवाहाटीजवळ राणी येथे राष्ट्रीय संशोधन केंद्र आहे, आणि आपल्या शेजारच्या गोव्यातील 'आगोंदा गोवन' ही देशी जात राष्ट्रीय स्तरावर नोंदलेली आहे. आम्ही इतिहासाचे शिक्षक; तरीही पशुवैद्यकांना विचारून, पुस्तके चाळून त्या पालकांना जे सांगितले, ते येथे मांडीत आहोत.

डुकरीण सुमारे ११४ दिवसांनी विते. पिल्लू जन्मतः जेमतेम किलोभराचे असते. पहिल्या काही दिवसांतच प्रत्येक पिल्लू आपले आचळ ठरवून घेते. पुढच्या आचळांना दूध अधिक, ती दांडग्यांच्या वाट्याला जातात, आणि अशक्त पिल्लू मागे ढकलले जाते. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यानंतर आईचे दूध उतरू लागते, भूक मात्र रोज वाढते. ही तूट भरून काढण्यासाठी साधारण दुसऱ्या आठवड्यापासून पिलांना कोरडा पूरक आहार द्यावयाचा असतो.

याचे दुसरे कारण पोटात आहे. जन्मलेल्या पिलाचे पोट दूध पचवू शकते. धान्यातील पिष्ट पचविण्याची शक्ती हळूहळू येते. चाखत चाखत ती सवय झाली नाही आणि दूध एकाएकी तुटले, तर न पचलेले धान्य आतड्यात कुजते व हगवण लागते. त्या तीन पिलांचेही बहुधा हेच झाले असावे.

आहार ठेवण्यासाठी गोठ्याचा एक कोरडा, उबदार कोपरा बांबूंनी असा अडवावा की फटीतून पिल्ले आत जातील, आई जाऊ शकणार नाही. नाहीतर सारे तीच फस्त करते. (लहानांसाठी राखून ठेवलेल्या या जागेवरून इतिहासाच्या शिक्षकाला दुसरे काही आठवले, तर वाचकांनी समजून घ्यावे.)

शंभर किलो मिश्रणात मक्याचा भरडा ६०, सोयाबीन पेंड २५, मासळीची कुटी ८, गव्हाचा कोंडा ५, खनिज मिश्रण दीड आणि मीठ अर्धा किलो, असे प्रमाण चालते. त्यात प्रथिने सुमारे २१ टक्के येतात. शेंगदाणा पेंड वापरायची तर कोकणच्या पावसाळ्यात फार जपावे. ती बुरसते, आणि त्या बुरशीचे विष लहान पिलांना सोसत नाही. आरंभी मूठभर मिश्रण उथळ भांड्यात दिवसातून दोन-तीनदा ठेवावे, उरलेले त्याच दिवशी आईला घालावे, शेजारी स्वच्छ पाणी असावे. आठ आठवड्यांत एक पिल्लू सुमारे दहा किलो खाते, परंतु त्यातील निम्म्याहून अधिक शेवटच्या दोन आठवड्यांत. पहिले काही दिवस ती नुसती हुंगतात. "खात नाहीत" म्हणून बंद करू नये.

लोहाची गोष्ट वेगळी. पिलाला रोज सुमारे ७ मिलिग्रॅम लोह लागते. आईच्या दुधातून जेमतेम एक मिळते. मोकळी डुकरे माती उकरतात, त्यातून पिलांना लोह मिळते. ज्याला जग घाण म्हणते, ती त्यांची गरज आहे. सिमेंटच्या गोठ्यात ही माती तुटते आणि पिल्ले पांढरी पडतात. म्हणून तिसऱ्या-चौथ्या दिवशी पशुवैद्यकाकडून लोहाचे इंजेक्शन द्यावे. पूरक आहाराची वाट पाहण्याइतका अवधी येथे नसतो.

दूध सहा ते आठ आठवड्यांनी तोडावे. त्या पालकांचा शेवटचा प्रश्न होता, पिल्ले कोणत्या गोठ्यात हलवायची? पिल्ले हलवू नयेत, आईला हलवावे. जागा तीच, भांडे तेच, आणि पुढचे दोन आठवडे मिश्रणही तेच.