मुलाम्याच्या धुवणातली चांदी

प्रश्न : चांदीचा मुलामा दिलेले दागिने धुतल्यावर पाणी गटारात जाते. त्यातली चांदी विजेने परत मिळवता येते का?

उत्तर : येते, आणि मिळवायलाच हवी. हुपरीसारख्या चांदीकामाच्या गावात हा प्रश्न पडणे स्वाभाविक आहे. मुलाम्याच्या बाथमधून वर काढलेला प्रत्येक दागिना अंगावर थोडे द्रावण घेऊन येतो. तो आधी साठवणीच्या, न वाहत्या पाण्याच्या टाकीत बुडवला तर चांदी तिथे साठत जाते. थेट नळाखाली धुणाऱ्याच्या हातून ती विरळ होऊन निसटलेली असते.

या टाकीत दोन विद्युतअग्रे सोडून एकदिश प्रवाह दिला की चांदी स्टेनलेस स्टीलच्या ऋणाग्रावर बसते. फॅरडेच्या नियमानुसार १ अँपिअर प्रवाह तासभर वाहिला, तर जास्तीत जास्त ४.०२ ग्रॅम चांदी मिळते; तांबे असते तर १.१९ ग्रॅमच. प्रत्यक्षात धातू विरळ होत जातो तशी बरीच वीज हायड्रोजनचे बुडबुडे काढण्यात खर्च होते. म्हणून पाणी हलते ठेवतात. ब्रिटनमध्ये विकसित झालेल्या केमेलेक सेलमध्ये तर काचेचे बारीक मणी जाळीदार ऋणाग्रांभोवती उसळत राहतात आणि धातूला तिथवर पोचणे सोपे होते. शेवटचा अंश आयन-विनिमय राळ धरते.

खरी काळजी सायनाइडची. चांदीचा बाथ बहुधा त्याचाच असतो. धनाग्रापाशी काही सायनाइड नष्ट होते, सगळे नाही. त्यामुळे उरलेल्या पाण्यावर प्रक्रिया अटळ आहे. या पाण्यात आम्ल कधीही पडू देऊ नये, कारण त्यातून निघणारा हायड्रोजन सायनाइड वायू काही मिनिटांत जीव घेतो. घराच्या पडवीत हा प्रयोग कोणीही करू नये.