भट्टीवर जाणारी गरोदर बाई : निघण्याआधीपासून परतेपर्यंत

दिवाळी झाली की धारणी-चिखलदऱ्याच्या गावांतून कोरकू माणसं घाट उतरून खाली येतात. कुणी परतवाड्याकडं वीटभट्टीवर, कुणी अकोट-दर्यापूरकडं कापूस वेचायला, हरभरा सोंगायला, कुणी अमरावती-अकोल्यात बांधकामावर. परततात ती होळीला. तेवढे महिने गरोदर बाई परक्या मुलखातच असते. भाषा वेगळी, आशाताई अनोळखी, दवाखाना कुठं ते ठाऊक नाही. पुढची कृती घरातल्या त्या माणसासाठी आहे, ज्याच्याजवळ मोबाईल आहे आणि ज्याला मराठी वाचता येतं.

आधी तारीख काढा. शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसात नऊ महिने सात दिवस मिळवा. दिवस आठवत नसेल तर पोळ्याच्या आधी की नंतर, दसऱ्याला किती दिवस होते, असं विचारत जा, आठवण निघते. बाळंतपणाची तारीख होळीच्या आत येत असेल तर बाईनं उतरूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे. आधीचं सिझेरियन, जुळं, वाढलेला रक्तदाब, सिकलसेलचा आजार, हिमोग्लोबिन ७ च्या खाली, यांतलं काही असेल तर महिना कितवाही असो, तिनं थांबावं. सोबत सासू किंवा आई राहील, बाकीचे जातील. हे मुकादमाकडून उचल घेण्याआधी ठरवा. एकदा उचल घेतली की घरात बाईचं कुणी ऐकत नाही.

जाणं टळतच नसेल तर निघण्याच्या आठवड्यात तीन कामं. गावच्या आशाताईला आणि अंगणवाडीसेविकेला कुठं चाललो, कुणाकडं, कधी परतणार हे सांगा आणि मुकादमाचा नंबर द्या. रक्तगट, हिमोग्लोबिन, सिकलसेल, रक्तदाब, लघवी, वजन यांच्या नोंदी माता-बाल संरक्षण कार्डावर करून घ्या आणि कार्डाच्या प्रत्येक पानाचा फोटो काढा. तिसरं, गोळ्या पुरेशा मागून घ्या. लोहाची गोळी चौथ्या महिन्यापासून रोज एक, किमान १८० दिवस. कॅल्शियमच्या रोज दोन. दोन्ही एकाच वेळी नाहीत, आणि लोहाची गोळी चहासोबत तर नाहीच.

भट्टीवर पोचल्यावर पहिल्या आठवड्यातच तिथली अंगणवाडी शोधा. आशाताई आणि उपकेंद्राचा पत्ता तिथंच लागतो. शहरात असाल तर नागरी आरोग्य केंद्र विचारा. 'तुम्ही इथले नाही' असं कुणी म्हटलं तर कार्ड पुढं करा. त्यावरचा नोंदणी क्रमांक दुसऱ्या गावातही चालतो. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायांची मोफत तपासणी असते. ती तारीख मुकादमाला आधीच सांगून ठेवा.

आता पत्ता. भट्टीला पाटी नसते. रात्री अडीच वाजता १०८ लावला आणि 'भट्टीवर या' म्हटलं तर गाडी येणार कुठं? म्हणून कार्डाच्या मागच्या बाजूला चिकटवलेल्या कागदावर ठळक लिहा: कोणत्या रस्त्यावर, कोणत्या गावाच्या पुढं, डाव्या हाताला की उजव्या, जवळची शाळा किंवा पेट्रोलपंप, मालकाचं नाव, नंबर. शेजारच्या दोन झोपड्यांतल्या माणसांकडूनही तो पत्ता म्हणवून घ्या, कारण नेमका त्या रात्री नवरा गाडीवर विटा पोचवायला गेलेला असू शकतो.

अंगावरून रक्त जाणं, डोकं ठणकून डोळ्यांपुढं अंधारी येणं, तोंड-हात सुजणं, झटके, ताप, पाणी जाणं, लेकराची हालचाल मंदावणं: यांत सकाळची वाट पाहायची नाही. १०८ किंवा १०२, दोन्ही मोफत.

बाळंतपणाला अमरावतीत डफरीन, अकोल्यात लेडी हार्डिंग, परतवाड्याजवळ असाल तर अचलपूरचं उपजिल्हा रुग्णालय. जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमात २०११ पासून प्रसूती, सिझेरियन, औषधं, रक्त, जेवण आणि घरी सोडायची गाडी, सगळं फुकट आहे. बाहेरून औषध आणायची चिठ्ठी मिळाली तर 'हे कार्यक्रमात येत नाही का?' असं विचारायला संकोचू नका. सोबत कोरकू आणि मराठी किंवा हिंदी दोन्ही येणारी बाई न्या. पुरुषाला आत घेत नाहीत, आणि कोरकू ही मुंडा कुळातली भाषा असल्यानं मराठी परिचारिकेला तिचा शब्दही कळत नाही. कुठं दुखतं, कधीपासून दुखतं, हे सांगणारं माणूस खाटेजवळ हवं.

लेकरू झाल्यावर तासाभरात अंगावर पाजा. गूळपाणी, मध काही नको. पोट फुगलं म्हणून डंबा द्यायचा आग्रह घरची म्हातारी माणसं मायेपोटीच धरतात, पण तापलेल्या लोखंडाच्या चटक्यानं पोट बरं होत नाही, जखम चिघळते आणि लेकरू जातं. डॉक्टरला दाखवा. निदान ४८ तास दवाखाना सोडू नका. बीसीजी, पोलिओ, कावीळ ही पहिली लसीकरणं तिथंच होतात.

जन्माची नोंद जन्म झाला त्या ठिकाणी होते, मूळ गावी नाही. डफरीनला जन्म झाला तर दाखला अमरावतीतूनच घ्यायचा. परतण्याआधी घेतला नाही तर होळीनंतर त्यासाठी घाट उतरून पुन्हा यावं लागतं, मजुरी बुडते. २१ दिवसांच्या आत नोंद मोफत असते. नाव ठरलं नसेल तरी चालतं, ते नंतर घालता येतं. आईबापाचं नाव मात्र आधारवर आहे तसंच लिहिलंय का, ते खिडकीवरून हलण्याआधी वाचा. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या लेकरांना शाळेपासून आधारपर्यंत हाच दाखला लागतो. जननी सुरक्षा योजनेचे पैसे, ग्रामीण भागात ७०० आणि शहरात ६०० रुपये, खात्यात येतात. खातं बाईच्या नावाचं हवं.

परत निघताना गावच्या आशाताईला फोन करा. तिच्या घरभेटी बेचाळिसाव्या दिवसापर्यंत असतात, त्यामुळे उरलेल्या भेटी ती गावात पुऱ्या करते. दीड महिन्याची लस भट्टीच्या गावात घेतली असेल तर कार्डावर तारीख आहे का ते पाहा. नसेल तर गाडीत बसण्याआधी लिहून घ्या.