पंच झालात, आता एवढं ऐका

मंडळीनं तुम्हांला पंच म्हणून निवडलं, आनंद आहे. उपदेश पाळकसाहेब करतील, हिशेब खजिनदार ठेवील. रविवारी वाचलेलं शास्त्र आठवडाभर पाळलं जातंय का, हे बघणं तुमचं काम. आधी स्वतःच्या घरात, मग मंडळीत. आम्हां जुन्यांना उपयोगी पडलं ते सांगतो.

अर्पणाआधी समेट. मत्तयाच्या पाचव्या अध्यायात येशूनं क्रमच लावून दिलाय. वेदीपाशी आलात तरी अर्पण तिथंच ठेवा, भावाशी समेट करा, मग परत या. यातला एक बारकावा पुष्कळांच्या नजरेतून सुटतो. तुमचा कोणावर राग आहे का, असं येशू तिथं विचारत नाही. तुमच्याविरुद्ध कोणाच्या मनात काही आहे का, ते आठवायला सांगतो. म्हणजे ‘माझ्या मनात काही नाही हो’ ही सबब चालायची नाही. बांधावरून भांडलेले दोन भाऊ देवळात दोन टोकांच्या बाकांवर बसतात, हे सगळ्यांना दिसतं. अशा वेळी थोरल्यानं शनिवारी संध्याकाळी धाकट्याच्या घरी जावं, चहा घ्यावा. मोजणी व्हायची तेव्हा होईल, पण बोलणं बंद पडू देऊ नये. कोणाची तक्रार आली, तर आधी विचारा, ‘त्याच्याशी एकट्यानं बोललात का?’ मत्तयाच्या अठराव्या अध्यायात ही पहिली पायरी आहे. बैठकीची पाळी नंतर.

पंगतीत शेवटी बसा. करिंथच्या मंडळीला पौलानं याचसाठी खडसावलं. प्रभुभोजनाला एकत्र जमायचे, पण कोणी आधीच खाऊनपिऊन झिंगलेले, तर कोणी उपाशीच. एकमेकांची वाट पाहत जा, असं त्यानं बजावलं. तेव्हा नाताळच्या सहभोजनात कामावरून उशिरा येणाऱ्यांसाठी एक पातेलं आधीच बाजूला काढून ठेवा. त्यांना नुसता रस्सा उरता कामा नये. पंचांनी वाढावं आणि शेवटच्या पंगतीला बसावं. खुर्च्यांचंही तेच. सोन्याची अंगठी घालून आलेल्याला मानाची जागा आणि फाटक्या कपड्यातल्याला पायाशी, यावर याकोबानं कडक शब्दांत लिहिलंय. साहेब आले म्हणून पुढच्या बाकावरच्या म्हातारीला उठवू नका.

मजुरी त्याच दिवशी. मजुराचा रोज रात्रभर ठेवून घेऊ नये, अशी आज्ञा लेवीयमध्ये आहे. अनुवादात कारणही दिलंय, की त्याचा जीव त्या पैशांवर अवलंबून असतो. कांदा काढायला आलेल्या बाईला ‘सोमवारी बाजार झाल्यावर देतो’ म्हणाल, तर तिच्या घरी त्या संध्याकाळचं पीठमीठ कुठून यायचं? रविवारी मोठ्यानं आमेन म्हणणाऱ्याची परीक्षा अशा ठिकाणी होते. सुटे नसतील तर शेजाऱ्याकडून आणा, पण चुकते करा.

मदत शेवटापर्यंत न्या. चांगल्या शोमरोन्याची गोष्ट पोरांनाही पाठ असते, पण त्यानं काय काय केलं ते मोजून पाहा. जखमांवर तेल आणि द्राक्षारस ओतून पट्ट्या बांधल्या, आपल्या जनावरावर बसवून उतारशाळेत नेलं, रात्री शुश्रूषा केली, सकाळी दोन दीनार दिले आणि जास्त लागलं तर परतताना देतो म्हणाला. तेव्हा एक दीनार म्हणजे मजुराचा एक दिवसाचा रोज. दवाखान्यात प्रार्थना जरूर करा. पण रात्री कोण थांबणार, औषधांचं बिल कोण भरणार आणि घरी सोडायला गाडी कोणाची, हे ठरल्याशिवाय तिथून हलू नका. आजारी माणूस कोणत्या धर्माचा, हे विचारायचं नाही. गोष्टीतला मदत करणारा परका होता आणि वाट बदलून पुढं गेले ते याजक आणि लेवी.

घरात विश्वासाची बळजबरी नको. रेव्हरंड टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ साली झाला, लक्ष्मीबाईंचा १९०० साली. मधली वर्षं दोघांनाही जड गेली, पण लक्ष्मीबाई आल्या त्या स्वतःच्या मनानं. जोडीदार विश्वासात नसला, तरी तो नांदायला तयार असेल तर त्याला टाकू नका, असं पौलानंही करिंथकरांना लिहिलं. सुनेला उपासनेला ओढून आणू नका. तुमचं वागणं ती रोज स्वयंपाकघरातून पाहतेच आहे.

अख्खा अध्याय वाचा. एकच वचन उचलून दुसऱ्याला टोचणारे पुष्कळ भेटतील. त्यांना मागचं-पुढचं वाचून दाखवा. पंडिता रमाबाईंनी सामान्य बायांना कळावं म्हणून हिब्रू आणि ग्रीक शिकून सबंध बायबल सोप्या मराठीत आणलं. १९२२ साली त्या गेल्या, १९२४ साली ते छापून पुरं झालं. एवढे कष्ट लोकांनी नीट समजून वाचावं म्हणून होते. घरच्या प्रार्थनेत रोज एक अध्याय घ्या, वाचन पोरांना करू द्या, आणि ‘यातलं उद्या काय करायचं?’ एवढंच विचारा.

हे सगळं वहीत उतरवून ठेवू नका, करत राहा. पुढचे पंच निवडून येतील, तेव्हा त्यात तुमची भर घालून त्यांनाही सांगा.