कॅम्परच्या छताची कड का गळते? (इयत्ता ८ वी ते १० वी, विज्ञान : प्रत्यक्ष उदाहरणातून)



मागच्या जूनमध्ये तासगाव तालुक्यातल्या एका पालकांचा फोन आला. "सर, गाडी गळतीय. तीनदा सिलिकॉन भरलं तरी गळतीय. तुम्ही विज्ञानाचे सर, काहीतरी सांगा."

आपल्या भागात कॅम्पर म्हटलं की मागे हौदा असलेली पिकअप डोळ्यासमोर येते. ही ती नव्हे. जुना टेम्पो ट्रॅव्हलर घेऊन, त्यावर अ‍ॅल्युमिनियमचं छत चढवून, आत दोन पलंग आणि छोटा ओटा बसवलेलं हे फिरतं घर. राज्य शासनाने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, तेव्हापासून आपणही अशी गाडी करून भाड्याने द्यावी हे त्यांच्या मनात होतं. साठवलेले पैसे त्यात घातलेले. त्यामुळे "थोडं गळतंय, चालायचंच" असं म्हणण्यासारखी गोष्ट नव्हती.

त्यांचं एक वाक्य मात्र मला धड्यासारखं वाटलं. "सर, सांगलीत गळत नाही. महाबळेश्वरला नेली की गळते."

हेच वाक्य मी वर्गात फळ्यावर लिहिलं आणि मुलांना विचारलं, का? तुम्हीही विचारून बघा. "तिकडं पाऊस जास्त" हे उत्तर लगेच येतं. पण किती जास्त? आटपाडी, जतकडे वर्षाला सरासरी पाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस. महाबळेश्वरला जुलै २०२१ मध्ये एका दिवसातच जवळजवळ सहाशे मिलिमीटर पडला. म्हणजे जतचा वर्षाचा पाऊस तिथं चोवीस तासांत.

आता गणित. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. गाडीचं छत ५ मीटर लांब, २ मीटर रुंद, म्हणजे १० चौरस मीटर. त्या दिवशी ती गाडी तिथं असती तर छतावर ६००० लिटर पाणी पडलं असतं. हजार लिटरच्या सहा टाक्या! आणि छताच्या मधल्या पत्र्यावरून पाणी नुसतं पुढे सरकतं, पण सगळंच्या सगळं उतरतं ते कडेवरून. मधला पत्रा अखंड असतो, जोड असतो तो कडेला. म्हणून गळती बहुधा कडेला सापडते. शाळेच्या पत्र्याच्या शेडमध्येही मधोमध कमी आणि भिंतीलगत, हुकांच्या वायसरपाशी जास्त गळतं, हे मुलांनी लगेच सांगितलं.

पण पाणी तर खाली वाहतं. पट्टीच्या खाली शिरून वर कसं चढतं? इथं प्रयोग करायलाच हवा, नुसतं सांगून पटत नाही.

जुन्या फोटोफ्रेमच्या दोन सारख्या काचा घ्या. धारदार कडांना आधी चिकटपट्टी लावा. दोन्ही काचा एका बाजूने एकमेकींना टेकवा, दुसऱ्या बाजूला मध्ये आगकाडी घाला आणि वरून रबर लावा. ही जोडी रंगीत पाण्याच्या ताटलीत उभी करा. करण्याआधी मुलांना विचारा, पाणी कुठल्या बाजूला जास्त चढेल? आमच्या वर्गात बहुतेकांनी आगकाडीची बाजू सांगितली, कारण "तिथं फट मोठी आहे". झालं उलटं. फट जितकी अरुंद, तितकं पाणी वर. एक मिलिमीटरच्या फटीत ते दीडेक सेंटिमीटर चढतं, अर्ध्या मिलिमीटरच्या फटीत जवळजवळ तीन. हीच केशाकर्षणाची क्रिया. मग त्याच काचा कोरड्या करून आतल्या बाजूंना मेणबत्ती घासा आणि पुन्हा उभ्या करा. पाणी चढतच नाही. मुलं हा दुसरा भाग विसरत नाहीत.

त्यात वाऱ्याची भर. ताशी ७२ किलोमीटर म्हणजे सेकंदाला २० मीटर. या वेगाच्या हवेचा दाब साधारण २४० पास्कल भरतो, आणि तेवढा दाब पाण्याला सुमारे २४ मिलिमीटर वर ढकलू शकतो. गाडी महामार्गावर पावसात पळते तेव्हा पुढच्या कडेवर हेच चालू असतं. पाचगणीच्या पठारावर नुसती उभी असली तरी वारा सोडत नाही. महाबळेश्वरचे लोक पावसाळ्याआधी घरांना, दुकानांना गवताच्या झडी बांधतात, त्या या आडव्या पावसासाठीच. झडी फट बुजवत नाही. पाण्याला भिंतीपर्यंत पोचूच देत नाही, बाहेरच्या बाहेर उतरवते. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता माझी चूक सांगतो. फोनवर मी त्यांना आधी एम-सील भरायला सांगितलं होतं. वस्तू चांगली आहे, पण ती दगडासारखी होते. आणि छत हलतं! अ‍ॅल्युमिनियमचा ५ मीटरचा पत्रा सकाळी २० अंशांवर आणि दुपारी उन्हात ६० अंशांवर गेला, तर ४.६ मिलिमीटर वाढतो. खालची पोलादी बॉडी तेवढ्याच फरकाला २.४ मिलिमीटर. म्हणजे दोन्ही धातू रोज एकमेकांवर दोन मिलिमीटरहून जास्त सरकतात. कडक लांबी तिथं टिकणार नाही. सिलिकॉनची दोन मिलिमीटरची बारीक रेघ ओढली तर तिलाही तिच्या रुंदीएवढा ताण बसतो. तीच रेघ दहा मिलिमीटर रुंद असेल तर ताण पाचव्या हिश्श्यावर येतो. नववी-दहावीला शेकडेवारीसकट हे उदाहरण घालता येतं.

रविवारी आम्ही कडेची पट्टी उघडली. आतल्या प्लायवूडमध्ये माझं पेन टोपणापर्यंत गेलं. शेजारी दिव्याच्या वायरचा जोड, तांबं हिरवं पडलेलं. धातूची गाडी, ओलं लाकूड आणि वायर. ही गाडी बाहेरून तीनदा "दुरुस्त" झालेली होती. पाणी आत शिरत होतं मागच्या डाव्या कोपऱ्यातून आणि ठिबकत होतं पुढे उजवीकडे, कारण त्यांच्या दारात गाडी उतारावर उभी असते. ठिबकतं तिथंच सिलिकॉन भरत राहिल्यानं आतलं लाकूड कुजत राहिलं आणि कळलंही नाही.

आधी वायरमनला बोलावून तो जोड बदलून घेतला. मग जुनं सिलिकॉन सगळं खरवडलं. त्याच्यावर रंग बसत नाही, नवं सिलिकॉनही नीट धरत नाही. (लावताना व्हिनेगरसारखा वास येतो ते सिलिकॉन सुकताना अ‍ॅसिटिक आम्ल सोडतं. जस्ताच्या पत्र्याला ते चांगलं नाही.) कुजलेलं प्लाय काढून बाकीचं चार दिवस वाळवलं, गंजाला प्रायमर मारला. पट्टीच्या खाली ब्युटाइल टेप घातली. ही कधी कडक होत नाही, च्युइंगगमसारखी राहते. स्क्रू स्टीलचे, आणि एकदम नाही, थोडेथोडे आवळले. एक दिवस उन्हात ठेवून पुन्हा आवळले, बाहेर आलेली टेप कापली. मग पट्टीच्या वरच्या कडेला पीयू सीलंटची रुंद रेघ. खालची कड मुद्दाम मोकळी ठेवली आणि बाहेर जरा वाकवली. चुकून पाणी शिरलंच तर त्याला बाहेर यायला वाट हवी, आणि पागोळी बॉडीपासून दूर पडायला हवी. झडीचंच तत्त्व.

तपासताना पाइप वरून सोडू नका. खालून सुरू करा, एका भागावर दहा मिनिटं पाणी मारा, मग हात-दोन हात वर. वरून सोडलं तर कुठून शिरलं ते कधीच कळत नाही. दुसरी रीत पंक्चरवाल्याची. दारं-खिडक्या बंद करून ब्लोअरने आत हवा भरायची आणि बाहेरून कडेला साबणाचं पाणी लावायचं. बुडबुडे सांगतात.

आषाढात त्यांचा महाबळेश्वरहून सकाळी सकाळी फोन. "सर, छत गळत नाही, पण आत काचा ओल्या, पत्रा ओला. पुन्हा फुटलं का?" किती जण झोपला होता, मी विचारलं. चौघं, सगळं घट्ट बंद करून. चार माणसांच्या श्वासातून आणि घामातून रात्रभरात लिटरभराच्या आसपास पाणी हवेत जातं. थंड पत्र्याला लागलं की त्याचे थेंब होतात. मी म्हटलं, "दादा, रात्री वरची खिडकी बोटभर उघडी ठेवा."

ते थोडा वेळ गप्प. मग म्हणाले, "एवढं बंद केलं ते आता उघडू म्हणता?"