मागील आंसाचें कण्हणें व त्याची परीक्षा

अंबिया बहाराचीं संत्रीं उतरूं लागलीं म्हणजे काटोल, नरखेड, कळमेश्वर या बाजूंकडून नागपूरच्या कळमना बाजाराकडे भरलेल्या पिकअप गाड्यांची रीघ लागते. अशा वेळीं गाडीच्या मागील भागांतून बारीक, लांबट, कण्हल्यासारखा सूर येऊं लागला तर बागायतदारानें काय करावें? बंडीचा आंस कुरकुरला तर वंगण घालून भागतें. येथें तसें भागत नाहीं. दुर्लक्ष केल्यास भरली गाडी रात्रीं वाटेंत अडकून माल नासावयाचा. घाबरून दुरुस्तीस नेल्यास चांगली असलेली क्राऊन-पिनियनची जोडी बदलली जाऊन भलताच खर्च अंगावर यावयाचा. म्हणून हत्यारास हात लावण्यापूर्वीं कानानें परीक्षा करावी, असें आमचें आग्रहाचें सांगणें आहे.

आवाज आंसाचाच आहे कीं नाहीं, हें प्रथम ठरवावें. गाडी उभी ठेवून न्यूट्रलमध्यें इंजिन वेगानें फिरवावें; तोच सूर निघाला तर मागें शोधण्याचें कारण नाहीं. नंतर मोकळ्या, सपाट रस्त्यावर एकाच वेगानें गाडी एकदां तिसऱ्या व एकदां चौथ्या गिअरमध्यें चालवावी. गाडीचा वेग तोच असतां सूरहि तोच राहिला तर दोष मागें आहे. टायर मात्र येथें फसवितात. नागपुरांत सिमेंटचे रस्ते पुष्कळ झाल्यानें त्यांची पारख सोपी झाली आहे: सिमेंटवरून डांबरावर येतांच आवाज पालटला तर तो टायरचा. दंतचक्राला रस्ता कोणता हें कळत नाहीं.

आतां मुख्य परीक्षा. अॅक्सिलरेटर दाबून गाडी ओढींत असतां सूर निघतो आणि पाय उचलतांच थांबतो, किंवा याच्या उलट होतें, तर क्राऊन व पिनियन यांच्या दांत्यांची एक बाजू झिजली आहे किंवा त्यांची बैठक बिघडली आहे. दोन्ही वेळीं सूर कायम राहिला तर पिनियनच्या बेअरिंगाचा संशय घ्यावा. पिनियनला ९ व क्राऊनला ४१ दांते असल्यास चाकाच्या एका फेऱ्यांत पिनियन साडेचारांहून अधिक फेरे घेतें. म्हणून त्याचा सूर उंच असतो. चाकाच्या बेअरिंगाचा आवाज याहून जाड, घरघरणारा असतो. रिकाम्या गाडीस हलकेंच उजवीकडे वळविल्यास भार डाव्या चाकावर पडतो; आवाज वाढला तर डावें बेअरिंग पाहावें. आवाज केवळ वळणावरच येत असेल तर डिफरन्शियलमधील लहान चक्रें तपासावीं. ऐकणाऱ्यानें चालकाशेजारीं बसावें. मागें हौद्यांत उभें राहूं नये.

यानंतर तेल. गाडी सपाटीवर असतां भरण्याच्या भोकाच्या खालच्या कडेपर्यंत तें आलें पाहिजे. बुचाच्या चुंबकाला चिकटलेली बारीक भुकटी स्वाभाविक आहे. धातूचे तुकडे नव्हेत. तेल दुधाळ दिसल्यास नाल्याचें पाणी आंत शिरलें असें समजावें. १९२६ च्या सुमारास अमेरिकेंत पॅकार्ड मोटारींत हायपॉइड दंतचक्रें आलीं, आणि आज बहुतेक पिकअप गाड्यांत तींच असतात. यांत पिनियनची मध्यरेषा क्राऊनच्या मध्यरेषेखालीं असल्यानें दांते एकमेकांवर फार घासतात. त्यांना दाब सोसणारें खास गिअर ऑइलच लागतें. घरांत उरलेलें इंजिन ऑइल तेथें घालणें ही काटकसर नव्हे.

जुनी गाडी घेणारांस येथेंच एक इशारा देऊन ठेवतों. कण्हणाऱ्या आंसांत लांकडाचा भुसा भरून आवाज दाबण्याची लबाडी फार जुनी आहे. सौदा ठरण्यापूर्वीं थोडें तेल काढून बोटांत चोळून पाहावें.

पिनियनचा नट आणखी आवळून आवाज घालविण्याचा उपाय कोणी सुचविला तर त्यास नकार द्यावा. अनेक गाड्यांत त्या नटाच्या दाबानें आंतील नळी ठराविक प्रमाणांत चेपलेली असते. ती अधिक चेपली कीं बेअरिंग तापून जातें. दांतेच खराब ठरले तर क्राऊन व पिनियन दोन्ही बदलावीं, कारण तीं जोडीनेंच घासून जुळविलेलीं असतात. नवी जोडी बसविल्यावर पहिले कांहीं दिवस गाडी अर्ध्या भारानें चालवावी.