लँडलाईन की मोबाईल? एका घराचा हिशोब

अर्धापूर म्हटलं की आठवतात केळीच्या बागा! नांदेड-हिंगोली रस्त्यावरच्या या तालुक्याच्या गावात शेतकऱ्याचं घर एकीकडे, बाग दुसरीकडे. अशा घरानं फोन कोणता घ्यावा? इंजिनिअरच्या नजरेनं हा प्रश्न सोडवून बघू.

१) पैशाचं गणित

भारतात पहिला मोबाईल कॉल ३१ जुलै १९९५ रोजी झाला. पण सुरुवातीची काही वर्षं आलेल्या कॉलचेही पैसे पडायचे. त्यामुळे आधार लँडलाईनचा, नाहीतर शेजाऱ्यांच्या पी.पी. नंबरचा! मे २००३ पासून इनकमिंग मोफत झालं आणि ऑक्टोबर २००४ मध्ये देशातल्या मोबाईलची संख्या लँडलाईनच्या पुढे गेली.

असं का झालं? समजा, लँडलाईनचं भाडं महिना १२० रु. आणि कॉल १ रुपयाला. मोबाईलला भाडं नाही, पण कॉल २ रुपयांना. मग १२० + क = २क, म्हणजे क = १२०. महिन्याला १२० पेक्षा कमी कॉल करणाऱ्याला मोबाईल परवडतो. ज्याला नुसते फोन यायला हवेत, त्याचं तर मिस्ड कॉलवरही भागायचं!

आज मात्र रिचार्जला मुदत असते. बोला अथवा न बोला, पैसे भरावेच लागतात. म्हणजे मोबाईललाही भाडं आलंच, आणि घरात जितके फोन तितकी भाडी.

२) विजेचं गणित

तांब्याच्या तारेवरच्या साध्या फोनला वीज एक्स्चेंजमधून मिळते. तिथल्या बॅटऱ्या ४८ व्होल्ट डी.सी. पुरवतात. म्हणून भारनियमनात गाव अंधारात असलं तरी फोन वाजायचा. मोबाईलला स्वतःचं चार्जिंग लागतं, शिवाय टॉवरलाही वीज हवी. आता तांब्याच्या जागी फायबर येत आहे. काचेच्या तंतूतून प्रकाश जातो, वीज नाही! त्यामुळे घरातली लाईट गेली की फायबरवरचा फोनही बंद. तो चालू ठेवायचा तर बॅटरी बॅकअप घ्यावा लागतो, आणि हा खर्च हिशोबात धरायला बहुतेक जण विसरतात.

३) माणसाचं गणित

लँडलाईन घराला जोडलेली असते, मोबाईल माणसाला. केळीचा भाव ठरवायला व्यापाऱ्याचा फोन येतो तेव्हा शेतकरी बागेत असतो. रात्री थ्री-फेज आली की मोटार चालू करायची असते. आता तर मोबाईल स्टार्टरमुळे घरबसल्या पंप सुरू होतो. इथे मोबाईलला तोड नाही.

पण घरात एकच मोबाईल असेल आणि तो कर्त्या माणसाच्या खिशातून शेतात गेला, तर? मागे राहिलेल्या आजीला रात्री छातीत दुखलं तर सून फोन कुठून करणार? भिंतीजवळचा जुना फोन सगळ्यांचा होता. तो काढला तेव्हा बिल वाचलं, पण घरात थांबणाऱ्यांचा फोनही गेला.

तात्पर्य काय? खर्च घराचा मोजा, गरज मात्र एकेका माणसाची मोजा. लँडलाईन परत घ्याच असं नाही. एक साधा बटणाचा मोबाईल कायम घरीच, चार्ज करून, ठरलेल्या जागी ठेवला तरी काम भागतं. आपल्यापैकी बरेच जण हॉस्टेलवर आहेत. सुट्टीत गावी गेलात की एवढं बघा : दुपारी सगळे शेतात गेल्यावर घरात किती फोन उरतात?