घरच्या घरी गाडीचा रंग : कॉम्प्रेसर घेण्यापूर्वी हवेचा हिशेब मांडा

गॅरेजमध्ये गाडीला पूर्ण रंग देण्याचा खर्च ऐकला की सामान्य माणूस विचारात पडतो. गाडी जुनी मारुती असली तर रंगाचा खर्च गाडीच्या किमतीच्या जवळ जातो. अशा वेळी हाताने काम करण्याची आवड असलेले तरुण म्हणतात, एक कॉम्प्रेसर आणि एक गन घेऊ, अंगणातच रंग मारू. पुढे चार पैशांचा धंदाही होईल. विचार चांगला आहे. मात्र अनेकांची पहिली चूक यंत्र खरेदीतच होते आणि वाचवलेले पैसे दुप्पट होऊन जातात.

अलीकडेच ओळखीतला एक मुलगा विचारायला आला, "चाचा, दोन हॉर्सपॉवरचा कॉम्प्रेसर स्वस्तात मिळतो आहे, टाकी पन्नास लिटरची आहे. घेऊ का?" मी विचारले, "तुझी गन मिनिटाला किती हवा खाते?" त्याला ते माहीत नव्हते. दुकानदारानेही सांगितले नव्हते. खरेदीचा पहिला प्रश्न मात्र हाच आहे.

टाकी म्हणजे गोदाम

कापडाच्या धंद्यात गोदाम कितीही मोठे असले तरी त्यामुळे एक मीटरही कापड जास्त निघत नाही. कापड मागावर निघते. कॉम्प्रेसरचेही तसेच आहे. टाकी हे गोदाम, पंप हा माग आणि रंगाची गन हे गिऱ्हाईक. गिऱ्हाइकाची रोजची मागणी मागाच्या उत्पादनापेक्षा जास्त असेल, तर गोदाम आज ना उद्या रिकामे होणारच. एअरजेट मागावर धोटा नसतो, हवेच्या झोताने आडवा धागा पलीकडे जातो. तेथेही कारखानदार आधी मागांना लागणारी हवा मोजतो आणि मग कॉम्प्रेसर ठरवतो. घरच्या कामालाही हाच नियम लावावा.

हवा मोजण्याचे माप सीएफएम, म्हणजे मिनिटाला किती घनफूट हवा. १ सीएफएम म्हणजे सुमारे २८ लिटर. गनचा प्रकार पाहून मागणी साधारण अशी असते :

* छोटी टच-अप गन : ३ ते ५ सीएफएम
* कमी हवेवर चालणारी एलव्हीएलपी गन : ४ ते ७ सीएफएम
* नेहमीची जुन्या पद्धतीची गन : ६ ते १२ सीएफएम
* एचव्हीएलपी गन : १० ते १५ सीएफएम, काही वेळा त्याहून अधिक

एचव्हीएलपी गनने रंग कमी उडतो आणि कमी वाया जातो. परंतु ती कमी दाबावर भरपूर हवा खाते. "कमी दाब" हे शब्द ऐकून अनेकजण लहान कॉम्प्रेसर घेतात आणि फसतात.

नेमप्लेट कशी वाचावी?

यंत्रावर दोन प्रकारचे आकडे असू शकतात. एक, पिस्टन किती हवा ओढतो. दुसरा, टाकीत प्रत्यक्ष किती हवा पोहोचते. या दुसऱ्या आकड्याला एफएडी म्हणतात. तो पहिल्यापेक्षा चौथ्या ते तिसऱ्या हिश्श्याने कमी असतो. दुकानदार बहुधा पहिला, मोठा आकडा सांगतो. आपण एफएडी विचारावा. ढोबळ मानाने चांगल्या पिस्टन कॉम्प्रेसरमधून दर हॉर्सपॉवरमागे ३ ते ४ सीएफएम हवा मिळते.

आता त्या मुलाचा हिशेब पाहू. यंत्र स्वस्तातले होते. ते मिनिटाला १२० लिटर हवा देते असे धरू. गन नेहमीची, ७ सीएफएमची, म्हणजे मागणी सुमारे २०० लिटर. दर मिनिटाला ८० लिटरची तूट. ५० लिटरची टाकी ८ किलो दाबावरून ४ किलोवर येईपर्यंत २०० लिटर हवा देते. २०० भागिले ८०, म्हणजे अडीच मिनिटे. टाकी १०० लिटरची घेतली तर पाच मिनिटे. त्यानंतर दाब घसरतो, रंगाचे थेंब मोठे पडतात आणि पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा खडबडीत होतो. मग वॉटर पेपरने घासा आणि पुन्हा रंग मारा. रंग, थिनर आणि मेहनत तिन्ही वाया.

त्याच मुलाने ५ सीएफएमची एलव्हीएलपी गन आणि खरोखर ६ सीएफएम देणारे २ हॉर्सपॉवरचे यंत्र घेतले, तर हवा पुरते आणि थोडी शिल्लक राहते. म्हणून आधी गन ठरवावी, मग कॉम्प्रेसर. यंत्राची हवा गनच्या गरजेपेक्षा निदान सव्वापट असावी. तेवढे भांडवल नसेल तर एका वेळी एकच दरवाजा किंवा एकच मडगार्ड रंगवावे. मध्येच थांबल्याचा सांधा दिसणार नाही अशा कडेवर काम तोडावे.

जुने यंत्र तपासण्याची रीत

नवे यंत्र परवडत नसेल तर बेल्टवर चालणारा, तेलाचा जुना कॉम्प्रेसर चालतो. तो जड असतो, पण त्याचा आवाज कमी आणि आयुष्य जास्त. बिनतेलाची थेट मोटरवर चालणारी लहान यंत्रे हलकी असतात, परंतु फार कर्कश चालतात आणि सतत चालवली तर लवकर थकतात. जुन्या फ्रिजच्या कॉम्प्रेसरपासून बनवलेले यंत्र गाडीच्या कामाला घेऊ नये. त्याची हवा फार थोडी असते.

जुने यंत्र घेताना घड्याळ बरोबर न्यावे. टाकीवरचा काटा ४ किलोपासून ७ किलोपर्यंत चढायला किती वेळ लागतो ते पाहावे. १०० लिटरची टाकी ३ किलो चढली म्हणजे ३०० लिटर हवा भरली. त्याला २ मिनिटे लागली तर मिनिटाला १५० लिटर, म्हणजे सव्वापाच सीएफएम. या एका परीक्षेत विक्रेत्याचे बोलणे किती खरे ते कळते.

टाकीच्या तळाचा नळ उघडावा. गंजाचे लाल पाणी पुष्कळ आले तर सौदा सोडावा. पत्रा आतून खाल्लेली टाकी दाबाखाली फुटली तर माणूस जायबंदी होतो. वेल्डिंगचे ठिगळ लावलेली टाकी कितीही स्वस्त मिळाली तरी नको. सेफ्टी व्हॉल्व्ह चालतो का आणि ठरलेल्या दाबावर मोटर आपोआप बंद होते का, हेही पाहावे. हवेसाठी प्लॅस्टिकचा पीव्हीसी पाईप वापरू नये, तो फुटला तर तुकडे गोळीसारखे उडतात.

वीज, पाणी आणि नळी

२ हॉर्सपॉवरची मोटर तासाला सुमारे २ युनिट वीज घेते. सुरू होताना ती कितीतरी पट करंट ओढते. त्यासाठी १६ अँपिअरचा प्लग आणि जाड वायर हवी. लांब, बारीक एक्स्टेन्शन लावल्यास व्होल्टेज पडते आणि मोटर जळते. त्यापेक्षा हवेची नळी लांब घ्यावी. नळीचे आतील भोक १० मिलिमीटरचे असावे, बारीक नळीत दाब वाटेतच संपतो.

दाबलेली हवा गरम असते. ती थंड झाली की तिच्यातले पाणी सुटते. वॉटर सेपरेटर अगदी कॉम्प्रेसरला चिकटून लावला तर हवा अजून गरम असते आणि पाणी वाफ होऊन पुढे जाते. म्हणून तो वीस-पंचवीस फूट पाईपनंतर, गनच्या बाजूला लावावा. टाकीचे पाणी रोज काढावे. कोकणात व मुंबईत पावसाळ्यात एनसी रंगाचे काम शक्यतो घेऊ नये, दमट हवेत त्यावर पांढुरकी झाक येते. पाण्याचा किंवा तेलाचा थेंब गनमधून गेला तर रंगावर फोड आणि खड्डे उठतात.

फुप्फुसाची किंमत

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. हार्डनर मिसळून मारायच्या टू-के रंगात आयसोसायनेट नावाचे रसायन असते. त्याच्या फवाऱ्याने दमा जडू शकतो. एकदा शरीराने ते धरले की पुढे थोड्याशा फवाऱ्यानेही छाती भरते. ते वासावरून नीट कळत नाही. तोंडाला बांधलेला रुमाल त्यापुढे काहीच कामाचा नाही. रंगाच्या मोठ्या कारखान्यांत बाहेरून शुद्ध हवा पुरवणारा मास्क वापरतात. आपल्या कॉम्प्रेसरची तेलकट हवा श्वासासाठी चालत नाही.

म्हणून घरी लांबी भरणे, घासकाम, प्रायमर आणि बिनहार्डनरचा रंग एवढेच करावे. टू-के क्लिअरचा शेवटचा हात बूथ असलेल्या गॅरेजला द्यावा. तयारीचे बरेचसे काम आपण केलेले असल्याने मजुरी तरीही पुष्कळ वाचते. घरच्या कामातही कार्बनच्या कार्ट्रिजचा मास्क लावावा, मुलांना दूर ठेवावे आणि बंद खोलीत गन चालवू नये. थिनरची वाफ जमिनीलगत साचते आणि स्विचच्या ठिणगीने पेट घेते. त्यासाठी कॉम्प्रेसर फवाऱ्यापासून लांब, वाऱ्याच्या वरच्या अंगाला ठेवावा.

एकच गाडी रंगवायची असेल तर यंत्र विकत घेण्याची गरजच नाही, दोन दिवस भाड्याने आणावे. धंदा करायचा असेल तर आधी एखाद्या उस्तादाच्या हाताखाली काही महिने काम करावे. त्या मुलाने तूर्त पन्नास लिटरचा सौदा सोडला आणि भाड्याच्या यंत्रावर एक दरवाजा रंगवून पाहिला. दुसरा दरवाजा पहिल्यापेक्षा चांगला झाला. यंत्र तो आता घेईल, पण गनचा आकडा खिशात ठेवून.